मारुतीच्या छातीला पाणी

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिकमध्ये क्युसेकचा आकडा विचारणारे थोडे. बाकी सगळे विचारतात, "मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" पावलांना लागलं, गुडघ्यापर्यंत आलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. कमरेची बातमी आली की सराफ बाजारातले आणि भांडी बाजारातले दुकानदार खालच्या फळीवरचा माल वर चढवायला लागतात. छातीची आली की शटर ओढून घेतात. रामकुंडाजवळ गोदापात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती, पुढूनही तोंड आणि मागूनही तोंड, हे नाशिकचं सर्वांत जास्त वाचलं जाणारं शास्त्रीय उपकरण आहे, असं मी अगदी मनापासून म्हणतो.

आपल्या शहरात कलेचा एक मोठा संग्रह उघड्यावर आहे. त्याला तिकीट नाही, काच नाही, रात्री कुलूप नाही. पात्रातला मारुती, नारोशंकराच्या देवळाची घंटा, काळारामाच्या भिंती, पांडवलेण्यांतले खांब आणि शिलालेख, चौकाचौकांतले आणि वाहतूक बेटांवरचे पुतळे. संग्रहालयातली वस्तू हवामानापासून जपून ठेवलेली असते. या वस्तू मात्र रोज ऊन, पाऊस, धूर, पूर अंगावर घेतात आणि प्रत्येकाची खूण अंगावर ठेवतात. ती खूण वाचायची कशी, हे सांगण्यासाठी हा लेख.

मारुतीपासूनच सुरू करू. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. घाटमाथ्यावर, इगतपुरीकडे, तो ३,००० मिलिमीटरच्याही पुढे जातो. त्यामुळे शहरात नुसती भुरभुर असते, पोरं छत्री न घेता शाळेत जातात, आणि तिकडे मारुती बुडायला लागलेला असतो. पाणी त्र्यंबकच्या डोंगरांतलं असतं. शहरातल्या आभाळाकडे बघून त्याचा अंदाज येत नाही. मूर्तीकडे बघून येतो.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर. उन्हाळ्यात गावाला येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा; असे अठ्ठावीस टँकर दर सेकंदाला समोरून जातायत. आता प्रश्न असा, की पाणी गुडघ्यावरून कमरेपर्यंत चढलं आणि कमरेवरून छातीपर्यंत चढलं, तर दोन्ही वेळा वाढ सारखीच का? उंचीची वाढ जवळपास सारखी असते, पाण्याची नसते. पात्र रुंद असेल तर वाहणारं पाणी खोलीच्या पाच-तृतीयांश घाताच्या प्रमाणात वाढतं. सोप्या भाषेत, खोली दुप्पट झाली की पाणी तिपटीहून जास्त होतं. कारण खोल पाणी तळाच्या घर्षणातून सुटतं आणि जोरात पळतं. त्यात घाटाच्या पायऱ्या चढत चढत पाणी आडवंही पसरतं, म्हणजे प्रत्यक्षातली वाढ याहूनही मोठी. म्हणून गुडघ्याला पाणी असताना सेल्फी काढणारा माणूस आणि छातीला पाणी आल्यावर तिथेच थांबलेला माणूस, यांच्यातल्या धोक्याचं अंतर मूर्तीवर दिसतं त्यापेक्षा खूप मोठं असतं. हे मला दर पावसाळ्यात ओरडून सांगावंसं वाटतं.

आणि या पाण्याचा रेटा किती? मूर्तीचा दोन चौरस मीटर भाग प्रवाहासमोर आहे आणि पाणी सेकंदाला तीन मीटर वेगाने येतंय असं धरलं, तर ढोबळ हिशेबाने नऊ हजार न्यूटन जोर बसतो. म्हणजे नऊ क्विंटलांचा भार, लासलगावच्या बाजारात जाणाऱ्या कांद्याच्या हिशेबात सांगायचं तर अठरा गोण्या, आडव्या दिशेने अंगावर रेललेल्या. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी मारुतीच्या डोक्यावरून गेलं. मूर्ती उभी राहिली.

अशी मूर्ती जगात एकटी नाही. पॅरिसमध्ये सीन नदीवरच्या आल्मा पुलाच्या खांबाला झुआव्ह नावाच्या सैनिकाचा दगडी पुतळा आहे. तिथले लोकही तेच विचारतात, झुआव्हच्या कुठपर्यंत आलं? १९१० च्या महापुरात पाणी त्याच्या खांद्यांपर्यंत चढलं होतं. पुढे १९७० च्या दशकात पूल नव्याने बांधला तेव्हा पुतळ्याची जागा बदलली, आणि आजच्या पुराची १९१० शी सरळ तुलना करणं अवघड होऊन बसलं. आपल्याकडे मारुती जागचा हलला नाही, पण त्याच्या भोवतालची नदी बदलली. घाट बांधले, पूल झाले, पात्रात काँक्रीट ओतलं. त्या काँक्रीटचा वाद नाशिककरांना नवा नाही. पट्टी तीच, पण ज्या भांड्यात ती उभी आहे त्याचा आकारच बदलला. त्यामुळे १९६९ च्या पुरातली 'छाती' आणि आजची 'छाती' यांत तेवढंच पाणी असेल, असं धरून चालता येत नाही. जुन्या आठवणींना आजचे आकडे जोडताना हे ध्यानात ठेवायला हवं.

मारुतीचा शेंदरी रंगही बघण्यासारखा आहे. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, तेलात कालवलेलं. जवसासारखं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्याच्या रेणूंची जाळी तयार होते, आणि शिसं ही क्रिया आणखी वेगाने घडवतं. थरावर थर चढत जातात. आपल्या जिल्ह्यात वणीच्या सप्तशृंगीच्या कड्यात कोरलेल्या मूर्तीवर असंच शेंदराचं कवच साठलं होतं. २०२२ साली ते काढलं तेव्हा आतलं मूळ रूप लोकांनी पहिल्यांदा पाहिलं. हेच शिशाचं ऑक्साइड लोखंड गंजू नये म्हणून पुलांना आणि जहाजांना अस्तर म्हणून लावत असत. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या हातात एक उत्तम लेप होता. मात्र शिसं विषारी, आणि मारुतीच्या पायाशी नदी. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर २०१७ पासून देशात ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांची, कडक मर्यादा आहे. मूर्तीला पुन्हा रंग देताना डब्यावर हा आकडा बघून घ्यावा, इतकी साधी गोष्ट आहे ही.

आता धातूकडे. नाशिकला धातूचं रसायनशास्त्र शिकवायची खरं तर गरज नाही. तांबटांच्या हातोड्यांचा आवाज ऐकत हे गाव वाढलंय. ताक तांब्याच्या भांड्यात राहिलं की कळकतं, हे घरातल्या प्रत्येक आजीला माहीत असतं. आंबट पदार्थ तांब्याला खातो आणि हिरवट क्षार तयार होतात. चौकातला पुतळा हिरवा पडतो तेव्हा होतं ते याच घराण्यातलं.

नवा ब्राँझचा पुतळा सोनेरी-तांबूस असतो. ब्राँझ म्हणजे तांबं आणि थोडं कथील. पुतळ्याच्या धातूत अनेकदा जस्त आणि शिसंही असतं. हवा लागली की आधी क्युप्राइट नावाचं तांबूस ऑक्साइड तयार होतं आणि पुतळा तपकिरी, मग काळसर दिसू लागतो. त्यानंतर शहराच्या धुरातला गंधक दवाबरोबर आणि पावसाबरोबर पृष्ठभागावर येतो, आणि ब्रोकँटाइट नावाचं हिरवं सल्फेट बनतं. शाळेच्या पुस्तकात आपण या हिरव्या थराला कॉपर कार्बोनेट म्हणून पाठ केलं. पण शहरातल्या पुतळ्यांवर बहुतेक वेळा तो सल्फेटचा असतो, आणि समुद्रकाठी क्लोराइडचा. क्लोराइड फार वाईट. ते धातूच्या आत शिरून पोखरत राहतं. नाशिक समुद्रापासून लांब, सह्याद्रीच्या मागे आहे. मुंबईतल्या पुतळ्याला जो खारा वारा रोज सोसावा लागतो, त्यातून आपले पुतळे वाचलेत.

एकदा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात कुठल्याही जुन्या ब्राँझच्या पुतळ्याजवळ थांबून बघा. खांदे, डोकं, घोडा असेल तर त्याची पाठ, म्हणजे पाऊस थेट झेलणारे भाग फिकट हिरवे दिसतील. हनुवटीखाली, काखेत, अंगरख्याच्या चुण्यांमध्ये काळं असेल, कारण तिथे पाऊस पोचत नाही आणि धूळ-काजळी धुतली जात नाही. या दोन्हींच्या सीमेवर उभे ओघळ दिसतील. पावसाचं पाणी त्या अंगावरून कसं वाहतं, वारा कुठून येतो, सगळा नकाशा तिथे उमटलेला असतो. मला विचाराल तर शिल्पकाराचं काम संपल्यावर सुरू झालेलं हे दुसरं शिल्प आहे.

आणि नेमका हाच नकाशा आपण घासून काढतो. कुठली तरी जयंती जवळ आली की शिडी लागते, आम्लाची बाटली येते, तारेचा ब्रश येतो. एका पुतळ्याची अशी सफाई मी जवळून पाहिली आहे. तासाभरात तो लखलखू लागला, जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि खाली फरशीवर निळसर-हिरवं पाणी ओघळत होतं. तो रंग तांब्याचा होता. घरातला तांब्या आपण चिंचेने घासतो तेव्हाही हेच होतं. चिंचेतलं टार्टारिक आम्ल ऑक्साइड विरघळवतं आणि खालचं ताजं तांबं उघडं पडतं. तांब्याला चेहरा नसतो, म्हणून चालतं. पुतळ्याच्या पापण्या, मिशांचे केस, फेट्याच्या वळ्या यांची खोली एखाद-दोन मिलिमीटर. वर्षानुवर्षं असं घासलं तर काय उरेल? उघडं पडलेलं धातूचं अंग पहिल्याच पावसात पुन्हा गंजायला लागतं ते वेगळंच. मग त्यावर उपाय म्हणून सोनेरी रंग फासला जातो. त्या रंगाला तडे जातात, तड्यांतून पाणी आत शिरतं आणि बाहेर पडत नाही.

हा मोह आपल्याच लोकांना होतो असं नाही. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ साली उभा राहिला तेव्हा तांब्याच्या रंगाचा होता. त्याचा पत्रा जेमतेम २.४ मिलिमीटर जाडीचा. १९०६ च्या सुमाराला तो हिरवा पडत चालला म्हणून रंगवून टाकायचा विचार झाला. लोकांनी विरोध केला, अभियंत्यांनी पाहणी केली आणि सांगितलं की हा थरच आतल्या तांब्याला वाचवतोय. हिरवा रंग तसाच राहिला. पुतळ्याला खरा धोका झाला तो आतून. तांब्याच्या पत्र्याला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या आणि तांबं यांच्यामध्ये ओलावा शिरला, त्याची एक बॅटरीच तयार झाली, आणि तीत लोखंड खाल्लं गेलं. १९८४ ते १९८६ या काळात त्या पट्ट्या काढून पोलादाच्या, न गंजणाऱ्या, बसवाव्या लागल्या. आपल्याकडे ब्राँझचा पुतळा लोखंडी सांगाड्यावर किंवा साध्या बोल्टांवर बसवतात तेव्हा ही गोष्ट आठवते. चौथऱ्याच्या दगडावर तांबडे ओघळ दिसले तर आत काय चाललंय ते ओळखावं.

मग करायचं काय? साधं पाणी, मऊ ब्रश, सौम्य साबण, आणि कोरडं झाल्यावर मेणाचा पातळ हात. जगभरातले जतनतज्ज्ञ मुख्यतः हेच करतात. मेण झिजतं, धातू झिजत नाही. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा लावायचं. खर्च रंगाच्या डब्याएवढाच येतो.

नारोशंकराच्या घंटेचं कुळ थोडं वेगळं. वसईच्या विजयानंतर आलेली ही पोर्तुगीज घंटा, तिच्यावर १७२१ हे साल आहे. घंटेच्या धातूत कथील पुतळ्यापेक्षा बरंच जास्त, साधारण पाचवा हिस्सा घालतात. त्याने धातू कडक होतो, नाद लांबतो, पण ठिसूळपणाही येतो. तळपाय घासायची काशाची वाटी याच जातीची. ती फरशीवर आपटली तर पोचा पडण्याऐवजी तडकते, आणि तडकली की आवाज बसतो. पुराचं पाणी घंटेला लागलं की महापूर, ही जुनी खूणही गोदाकाठावर सांगितली जाते. मारुती बुडाल्यानंतरची ती पट्टी.

दगडाबद्दल थोडक्यात. काळारामाचं देऊळ आणि पांडवलेणी दोन्ही बेसाल्टची, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाची. संगमरवर आम्लयुक्त पावसात विरघळतो; बेसाल्ट त्याला दाद देत नाही. पण लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर झिओलाइटचे स्फटिक आणि चिकणमाती भरली. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात हे स्फटिक झगमगताना दिसतात, तेच दगडाचा कच्चा दुवा आहेत. चिकणमाती पाणी पिऊन फुगते, सुकून आक्रसते, आणि दर पावसाळ्यात दगड कणाकणाने सुटतो. पांडवलेण्यांत सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, लेख आजही वाचता येतो, कारण तो ओसरीच्या आतल्या भिंतीवर आहे. सुमारे १,९०० वर्षं त्याच्यावर थेट पाऊस पडलेला नाही. एका छपराची किंमत एवढी असते.

२०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय. घाटांची, देवळांची, पुतळ्यांची डागडुजी होईल, रंग निघतील. त्याआधी प्रत्येक मूर्तीचा चारही बाजूंनी फोटो, तारखेसकट, काढून ठेवावा. पुढच्या वर्षी त्याच जागेवरून, त्याच वेळेला पुन्हा. मोबाइलवर होणारं काम आहे आणि शाळेतली मुलं ते उत्तम करतील.

पूर ओसरला की मारुतीच्या अंगावर गाळाची एक आडवी रेघ राहते. नीट बघितलं तर एकाखाली एक तीन-चारही असतात, पाणी उतरताना जिथे जिथे थबकलं तिथे तिथे. सर्वांत वरच्या रेघेची चौथऱ्यापासूनची उंची टेपने मोजायला दहा मिनिटं पुरतात, आणि धरणातून त्या दिवशी किती पाणी सोडलं तो आकडा जाहीर झालेला असतोच. दोन्ही एका वहीत शेजारी शेजारी लिहायचे. मात्र हे पहिल्या दोन दिवसांतच करावं लागतं, कारण तिसऱ्या दिवशी कोणीतरी पाइप लावून मूर्ती धुऊन टाकतं.