इंजिन नाही आणि खाली समुद्र

विहिरीत सूर मारताना अंदाज चुकला आणि पोट सपाट आपटलं, की पाणी किती टणक असतं ते कळतं. हवेपेक्षा पाणी सुमारे 800 पट घन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने याच पाण्यावर सैनिकांनी भरलेली ग्लायडर, म्हणजे दुसऱ्या विमानाने दोराने ओढून न्यायची बिनइंजिनाची विमानं, उतरवायचा घाट घातला.

निमित्त क्रीटचं. मे 1941 मध्ये जर्मनांनी पॅराशूट आणि ग्लायडरने सैनिक उतरवून ते बेट घेतलं. पॅसिफिकमधल्या बेटांवर आपणही असंच उतरावं, असं अमेरिकेच्या मरीन कोअरने, म्हणजे नौदलाशी जोडलेल्या लढाऊ दलाने, ठरवलं. पण त्या बेटांवर मोकळी मैदानं कुठली? भोवती पाणी मात्र हवं तेवढं. मग ग्लायडरलाच होडीचा तळ द्यायचा! त्यातून अलाइड एव्हिएशनचं एक्सएलआरए-1 आणि ब्रिस्टल एरोनॉटिकलचं एक्सएलआरक्यू-1 ही 12 जणांची प्रायोगिक ग्लायडर तयार झाली. (ही ब्रिस्टल अमेरिकेतली, इंग्लंडमधली प्रसिद्ध कंपनी वेगळी.) पंख मुद्दाम खालच्या बाजूला, म्हणजे पाण्यावर टेकून तेच तोल सावरतील.

खरी गंमत तळाशी असते. पाण्यावरून उडणाऱ्या विमानाच्या तळाला मध्येच एक पायरी ठेवतात. गुळगुळीत, वळणदार तळाला पाणी चिकटून राहतं आणि त्याला खाली ओढतं. पायरीपाशी ते सुटतं, मागच्या भागाखाली हवा शिरते आणि विमान पुढच्या भागावर घसरत वेग घेतं. चपटा दगड टप्पे खात जातो, जवळपास तसं. पण घसरू लागण्याआधी पाण्याचा विरोध सर्वांत जास्त असतो आणि तेव्हा इंजिनाचा पूर्ण जोर लागतो. ग्लायडरला इंजिनच नाही. ते पाण्यातून उचलायचं, तर दोराच्या दुसऱ्या टोकाच्या विमानाला स्वतःबरोबर त्याचाही विरोध सोसावा लागणार.

उतरणंही सोपं नाही. पाणी आरशासारखं शांत असलं, तर उंचीचा अंदाज येत नाही. सीप्लेनचा वैमानिक अशा वेळी इंजिन थोडं चालू ठेवून हळूहळू खाली येतो. ग्लायडरवाल्याला एकच संधी. माझ्या मते मात्र योजना अडली ती आणखी साध्या गोष्टीवर: पॅसिफिकमधली अंतरं प्रचंड आणि ओढणाऱ्या विमानांना जवळपास धावपट्ट्या हव्यात. 1943 च्या मध्यावर ती गुंडाळली गेली.

त्यानंतर काही आठवड्यांतच, 9 जुलैच्या रात्री, ब्रिटिश सैनिकांना घेऊन 144 ग्लायडर इटलीच्या सिसिली बेटाकडे निघाली. सगळी जमिनीवर उतरण्यासाठी बांधलेली. जोराचा वारा, अंधार, विमानविरोधी तोफा. ओढणाऱ्या विमानांनी अनेकांना किनाऱ्यापासून फार दूर सोडलं. साठाहून अधिक ग्लायडर समुद्रात पडली आणि सुमारे 250 सैनिक बुडाले. लाकूड-कापडाचे पंख काही काळ तरंगत राहिले, त्यांना धरून कितीतरी जण तगले. त्यांच्या डिव्हिजनचा प्रमुख, मेजर जनरल हॉपकिन्सन, हाही त्या रात्री समुद्रातच पडला होता. त्याला एका जहाजाने उचललं.