‘ब्रेकर’ मोरंट बळीचा बकरा होता का?

घोडे वठणीवर आणण्यात वाकबगार असलेला ऑस्ट्रेलियाचा हॅरी ‘ब्रेकर’ मोरंट दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात (१८९९–१९०२) ब्रिटिशांच्या बाजूने लढत होता; त्याला एका जर्मन मिशनऱ्याच्या हत्येवरून, जर्मनीची मर्जी राखण्यासाठी ब्रिटिशांनीच गोळ्या घातल्या, ही समजूत शंभर वर्षांहून अधिक काळ सांगितली जाते. ती नोंदींशी जुळत नाही. मिशनरी हेसे यांच्या हत्येच्या आरोपातून लष्करी न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले होते. शिक्षा झाली ती १२ बोअर (दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेले मुख्यतः डच वंशाचे लोक) कैद्यांच्या हत्येबद्दल. त्यांपैकी फिसर हा पायाला गोळी लागल्यामुळे चालूही शकत नव्हता. मोरंटचा मित्र कॅप्टन हंट मारला गेल्यानंतर, ऑगस्ट १९०१ मध्ये, फिसरला बसल्या जागी गोळ्या घालण्यात आल्या.

तक्रारही बर्लिनहून आली नव्हती. बुशवेल्ड कार्बिनियर्स या मोरंटच्याच पलटणीतल्या १५ जणांनी ऑक्टोबर १९०१ मध्ये वरिष्ठांना पत्र लिहिले, आणि त्यांत अनेक ऑस्ट्रेलियनच होते. या माणसांचे धैर्य विस्मरणात जावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. कैदी घेऊ नयेत असा वरून हुकूम होता, हा बचाव मोरंटने मांडला; पण हंटच्या मृत्यूपूर्वी त्याने स्वतः कैदी जिवंत आणले होते.

तो जन्मानेही ऑस्ट्रेलियन नव्हता. स्वतःला ॲडमिरलचा मुलगा म्हणवणारा मोरंट इंग्लंडमधील ब्रिजवॉटर येथे, गरिबांच्या आश्रयगृहाच्या व्यवस्थापक दांपत्याच्या पोटी १८६४ मध्ये जन्मला, १८८३ मध्ये क्वीन्सलँडला आला आणि २७ फेब्रुवारी १९०२ रोजी सहआरोपी पीटर हँडकॉकसह प्रिटोरियात मारला गेला.