तालेराँ वारा येईल तशी पाठ देणारा नव्हता

फ्रान्सचा मुत्सद्दी तालेराँ म्हणजे जिंकेल त्याचा माणूस, असं वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. तारखा वेगळंच सांगतात. नेपोलियनचं परराष्ट्रमंत्रिपद त्याने सोडलं ऑगस्ट १८०७ मध्ये, रशिया आणि प्रशियाला हरवून नेपोलियनने केलेल्या तिलसितच्या तहानंतर जेमतेम महिन्याभरात. नेपोलियन तेव्हा ऐन भरात होता! पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या एरफुर्टला, नेपोलियन आणि झारच्या भेटीसाठी नेपोलियनसोबत गेला असताना, संध्याकाळच्या भेटींत त्याने रशियाच्या झारलाच गळ घातली: नेपोलियनला आवरा, युरोप वाचवा. पैसे त्याने खाल्ले, ऑस्ट्रियाकडूनही. ते झाकायचं कारण नाही. पण नेपोलियनच्या पाडावानंतर युरोपची घडी बसवायला भरलेल्या व्हिएन्ना परिषदेत हरलेल्या फ्रान्सला बड्या राष्ट्रांच्या पंगतीत बसवलं तेही त्यानेच. ३ जानेवारी १८१५ ला ब्रिटन आणि ऑस्ट्रियाने फ्रान्सशी गुप्त करार केला. वर्षभरापूर्वी हेच दोघे फ्रान्सविरुद्ध लढत होते.