एमएस थंड देशांचा रोग खरा, पण विदर्भातही सापडतो

मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएस, हे नाव आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात सहसा कोणाच्या कानावर येत नाही. जगात साधारण २८-२९ लाख लोकांना हा रोग आहे, पण जास्त करून थंड मुलखात, कॅनडात लाखामागे २५० च्या वर पेशंट आणि भारतात अंदाज लाखामागे ५ ते १० चा. आता एमआरआय वाढले म्हणून आपल्याकडेही जास्त सापडायला लागलेत.

होतं काय की आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खाते, मग एका डोळ्याला धूसर दिसतं, पायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो. आणि पुष्कळदा हे काही आठवड्यांत आपोआप कमी पण होतं. इथंच सगळे फसतात, पोट्टी बरी झाली म्हणजे अशक्तपणा होता, नाहीतर ज्यानं झाडफूक केली त्याला गुण आला म्हणतात.

पोट्टी म्हटलं कारण हा म्हातारपणाचा लकवा नाही बाप्पा, बहुतेक वेळा २० ते ४० या वयात सुरू होतो आणि बायांमध्ये पुरुषांपेक्षा दुप्पट तरी. भंडारा-गोंदियाकडे पाय ताठरले की जुने लोक लाखोळीच्या डाळीचं नाव घेतात, तोही रोग खराच, पण तो तरण्या पुरुषांत जास्त आणि त्यात नजर जात नाही.

थंड देशांतच जास्त काहून? ऊन कमी, व्हिटॅमिन डी कमी, हे एक कारण धरतात, पण मुंबईच्या पारशी लोकांत तो आजूबाजूच्यांपेक्षा जास्त दिसला, ऊन तर सगळ्यांना तेच, म्हणजे आनुवंशिकताही आली. २०२२ मध्ये अमेरिकेच्या १ कोटीवर सैनिकांचा अभ्यास छापून आला, एपस्टाईन-बार व्हायरसची लागण झाली की धोका ३२ पट वाढतो म्हणून. पण हा व्हायरस तर बहुतेक सगळ्यांनाच होऊन जातो, एकट्यानं तो काही करत नसणार.

गंमत पहा, उन्हाच्या मुलखात रोग कमी पण एकदा झाला की ऊनच सोसत नाही. अंग तापलं की जुनी लक्षणं तात्पुरती वर येतात, जर्मनीचे डोळ्यांचे डॉक्टर उथॉफ यांनी श्रम केल्यावर नजर अशी तात्पुरती मंदावते हे १८९० मध्येच लिहून ठेवलंय. त्यामुळे मे महिन्यात दुपारी वावरातून आलेल्या बाईला धूसर दिसलं, पाय जड पडले आणि सावलीत बसल्यावर बरं वाटलं तर घरचे ऊन लागलं म्हणून सोडून देतात. असं परत परत होत असेल तर नागपूरला न्यूरोलॉजिस्टला, म्हणजे मेंदू-नसांच्या डॉक्टरला दाखवा. एमएस निघालाच तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात तो आहे, सर्टिफिकेटसाठी अर्ज करता येतो.