पुलावर संशय घेण्याआधी तार तपासा

पुलाच्या गर्डरवरचा एक स्ट्रेन गेज (पोलादाला चिकटवलेली पातळ पत्री, पोलाद ताणले की तिचा विद्युत रोध बदलतो) सकाळपासून दुपारपर्यंत ३२५ मायक्रोस्ट्रेनने, म्हणजे लांबीच्या दहा लाखांत ३२५ भागांनी, वर सरकला. पोलादात हा स्ट्रेन खरोखर भारामुळे आला असेल, तर ताण ६५ मेगापास्कलने वाढला, म्हणजे काळजीचीच गोष्ट. पण आधी तारेचा हिशेब मांडावा. १२० ओहमचा गेज ३० मीटरवरच्या लॉगरला (आकडे नोंदवणाऱ्या यंत्राला) ०.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या दोन तारांनी जोडला असेल, तर जाऊन-येऊन तारेचा रोध सुमारे २ ओहम भरतो. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. उन्हाने तार १० अंश तापली की ०.०७८ ओहमची भर पडते आणि गेज फॅक्टर (स्ट्रेनच्या किती पट रोध बदलतो तो आकडा) २ धरला तर लॉगर तिलाच ३२५ मायक्रोस्ट्रेन समजतो. तीन तारांची जोडणी केली की हा घोळ जवळजवळ मिटतो.

ओल शिरली तर उलटे होते. गेजच्या दोन टोकांमध्ये १ मेगाओहमची गळती झाली तरी सुमारे ६० मायक्रोस्ट्रेनचे खोटे आकुंचन दिसते. पावसानंतर आकडे घसरले तर गेज लॉगरपासून सोडवून त्याचे इन्सुलेशन मोजावे, पण कमी व्होल्टेजच्या मीटरने. ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजण्याचे जास्त व्होल्टेजचे मीटर) लावला तर गेजच जायचा.

शंट चाचणीही सोपी आहे. गेजला समांतर ६० किलोओहम जोडले की आकडा सुमारे १००० मायक्रोस्ट्रेनने खाली यायला हवा. मात्र डिंक सुटलेला गेज ही परीक्षा सहज पास होतो, कारण त्याची वीज शाबूत असते, पकड गेलेली असते. तो पकडायला पुलावरून जाणारे ट्रकच कामी येतात: शेजारच्या गेजच्या तुलनेत त्याची उसळी दिवसेंदिवस कमी होत जाते.

शेकडो सेन्सर असले की रोज वर चढणे शक्य नसते. मग चांगल्या काळातल्या नोंदींवरून प्रत्येक सेन्सरचा आकडा बाकीच्यांवरून काढतात आणि प्रत्यक्षाशी ताडून पाहतात. या नोंदींत सगळे ऋतू आलेले हवेत. स्वित्झर्लंडच्या झेड-२४ पुलावर गोठणबिंदूखाली डांबर कडक झाले आणि पुलाची कंपन-वारंवारता वाढली. पुलात मात्र बिघाड नव्हता.

या पद्धतीत एक खोट आहे. एक सेन्सर नासला की त्याच्यावर बेतलेले सगळेच अंदाज बिघडतात आणि साव सेन्सरही चोर दिसू लागतात. म्हणून एकेक सेन्सर वगळून गणित पुन्हा करायचे. ज्याला वगळल्यावर बाकीचे शांत होतात, तो दोषी. कोणालाही वगळून फरक पडत नसेल आणि बिघडलेले सगळे एकाच लॉगरवरचे असतील, तर वीजपुरवठा आणि अर्थिंग पाहावे. ते वेगवेगळ्या लॉगरवरचे, पण गर्डरच्या एकाच भागातले असतील, तर पुलाकडे जावे, कारण भेगेमुळे भार शेजारी सरकतो आणि तिथले गेजही बदलतात.

एकटा गेज मेला, तरी नवा चिकटवण्याआधी त्या जागेचा रंग खरवडून डाय पेनेट्रंटने (भेगेत झिरपून ती दाखवणाऱ्या रंगद्रवाने) भेग शोधावी. नेमकी गेजखालून गेलेली भेग त्याची पत्री फाडते, आणि लॉगरला ते फक्त तुटलेले सर्किट दिसते.