दाराला स्प्रे गनने रंग मारून घेण्याआधी

"गन मारायला अर्धा तास लागतो, मग तीन दिवस कसले सांगता?" हे आम्हाला जवळजवळ प्रत्येक घरी ऐकावं लागतं. विचारणाऱ्याचं चुकत नाही.

दिवस जातात ते घासकामात. स्वयंपाकघराच्या दारावर फोडणीचा चिकटा असतो, कडीभोवती हाताचं तेल. आधी हे धुवावं लागतं, नाहीतर नवा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. मग 180 नंबरचा पॉलिश पेपर, खड्ड्यांत लांबी (पुट्टी), प्रायमर, तो वाळला की 320 चा पेपर. ब्रशचा जाड हात (थर) बारीकसारीक ओरखडे झाकून टाकतो. गनचे हात पातळ, ते प्रत्येक ओरखडा उघडा पाडतात. म्हणून घासणं कमी करून स्वस्तात द्या म्हणालात, तर आम्ही ब्रशच सुचवू.

दार शक्यतो बिजागऱ्यांवरून उतरवून आडवं ठेवतो, म्हणजे ओघळ येत नाहीत. चौकट मात्र जागेवरच रंगवावी लागते. रंगाचं धुकं पंख्याच्या पात्यापर्यंत पोचतं, त्यामुळे खोली आदल्या रात्री रिकामी हवी. उरलेलं आम्ही प्लास्टिकने झाकतो. थिनरची वाफ पेट घेते, म्हणून काम चालू असताना गॅस आणि गॅस गिझर बंद, देवापुढचा दिवासुद्धा. लहान मुलं आणि दम्याचे रुग्ण त्या दिवशी घरात नकोत.

जून ते सप्टेंबर आम्ही लॅकरचं (थिनर उडून झटपट वाळणाऱ्या रंगाचं) काम घेत नाही. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि रंगावर दुधाळ झाक येते. पावसात दार फुगून घासतंय म्हणून लगेच रंधाही मारू नका. जुलैत मारलात तर मार्चमध्ये फट दिसेल.

जुनं सागवानी दार असेल तर रंगाआधी एकदा पॉलिशचा विचार करा. आमचा धंदा थोडा कमी होईल, पण तो रेषांचा पोत एकदा झाकला की परत मिळवणं जिकिरीचं.

पीयू (पॉलियुरेथेन) रंग दुसऱ्या दिवशी कोरडा लागतो, पूर्ण कडक व्हायला मात्र साधारण आठवडा घेतो. तोवर तोरणाची चिकटपट्टी, स्टिकर, ओलं फडकं लांब ठेवा.

दर चौरस फुटावर आहे. दाराच्या दोन्ही बाजू मोजतो, चौकट रनिंग फुटात, म्हणजे नुसत्या लांबीच्या फुटात. पुट्टी आणि घासकाम त्यातच धरलेलं असतं. बिजागऱ्या बदलायच्या असतील तर त्यांचे पैसे वेगळे.