चरबी बोलते, हे कसं कळलं

चरबी म्हणजे जादा उष्मांकांचं कोठार, एवढीच तिची ओळख बराच काळ होती. हे कोठार मेंदूला निरोपही धाडतं, हा सुगावा लागला उंदरांमुळे.

अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेने 1950 मध्ये एका जनुकाच्या दोषामुळे बेसुमार लठ्ठ होणाऱ्या ‘ओबी’ उंदरांची नोंद केली. 1966 मध्ये तिथेच ‘डीबी’ सापडले. तेही लठ्ठ, शिवाय मधुमेही. डग्लस कोलमन यांनी दोन-दोन उंदीर शस्त्रक्रियेने जोडून त्यांचं रक्त एकमेकांत खेळतं केलं. डीबीला जोडलेल्या निरोगी उंदराने खाणं सोडलं आणि तो उपासमारीने मेला. डीबीला जोडलेल्या ओबीचंही तेच झालं. डीबीवर मात्र काहीच परिणाम नाही. कोलमन यांचा निष्कर्ष: ओबीत भूक आवरणारं संप्रेरक तयारच होत नाही, डीबीत ते भरपूर असतं, पण त्याला ते ओळखताच येत नाही.

तो पदार्थ हाती लागला 1994 मध्ये. रॉकफेलर विद्यापीठातल्या जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ओबी जनुक शोधलं. त्यापासून बनणारं प्रथिन मुख्यतः मेदपेशींतूनच स्रवतं. त्याला लेप्टिन म्हणतात. ग्रीक ‘लेप्टॉस’ म्हणजे सडपातळ. वर्षभरात त्याचा ग्राही, म्हणजे त्याला ओळखणारं पेशीवरचं प्रथिनही सापडलं. डीबीत नेमका हा ग्राहीच बिघडलेला होता!

(खरं तर चरबीतलं ॲरोमॅटेज हे विकर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक बनवतं, हे आधीच माहीत होतं. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेनचा मोठा वाटा तिथूनच येतो.)

आता लठ्ठपणावर औषध मिळालं, असं वाटलं. जन्मतः लेप्टिन नसलेल्या मोजक्या मुलांची भूक आणि वजन इंजेक्शनांनी खरोखर उतरलं. पण बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नव्हे, जास्तच असतं. मेंदू त्याला दाद देत नाही. वरून आणखी दिल्याने फारसं साधत नाही.

लेप्टिनला ‘पोट भरल्याची घंटा’ समजणं हीच मुळात चूक होती. ती टंचाईची सूचना आहे. उपवासात चरबी थोडीच घटते, पण लेप्टिन तिच्या कितीतरी आधी कोसळतं. मग भूक खवळते, थायरॉइडचं काम मंदावतं. चरबी फार कमी असलेल्या स्त्रियांची पाळीही थांबते. डाएटने उतरलेलं वजन परत येतं, त्यामागचं हे एक मोठं कारण.

चरबी अजिबात नसणंही घातकच. लिपोडिस्ट्रॉफी या चरबी नाहीशी होण्याच्या विकारात साठवायला जागा नसल्याने मेद यकृतात आणि स्नायूंत शिरतो, रक्तातले मेद (ट्रायग्लिसराइड) भडकतात, इन्सुलिन निष्प्रभ होतं. संपूर्ण शरीरातली चरबी गेलेल्या अशा रुग्णांसाठी अमेरिकेत 2014 मध्ये मेट्रेलेप्टिन हे लेप्टिनचं कृत्रिम रूप मंजूर झालं. लठ्ठपणासाठी शोधलेलं संप्रेरक औषध म्हणून उपयोगी पडलं ते चरबी नसलेल्यांना.